विश्लेषण : छोट्या दुकानाची वेबसाइट गूगलवर का दिसत नाही?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे ते चाकण या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांच्या आधाराने हजारो छोटे व्यवसाय उभे राहिले. बेअरिंग, कटिंग टूल, हायड्रॉलिक फिटिंग, सुरक्षा बूट विकणारी दुकाने आहेत, तशीच कामगार वसाहतींच्या गरजा भागवणारी साड्या, पूजा साहित्य आणि घरगुती फराळाचीही. यातील अनेकांनी स्वतःची वेबसाइट तयार करून घेतली. पहिले काही दिवस ओळखीच्यांनी ती पाहिली, कौतुक केले. पुढे ऑर्डर येईनात. पैसे वाया गेले, असा निष्कर्ष मग काढला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष गूगलच्या एखाद्या गुपितात नसतो, तो देखभालीत असतो. वेबसाइट हे छापून वाटलेले पत्रक नव्हे, ती दुकानाची आणखी एक शाखा आहे. तिचे शटर रोज उघडावे लागते.

फुकटच्या वेबसाइटचे काय झाले?

जानेवारी २०१७ मध्ये गूगलचे मुख्य कार्यकारी अधिकारी सुंदर पिचाई यांनी दिल्लीत छोट्या व्यावसायिकांसाठी ‘डिजिटल अनलॉक्ड’ हा प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर केला. त्याच वेळी मोबाइलवरून काही मिनिटांत फुकट वेबसाइट बनवण्याच्या सोयीचीही घोषणा झाली. अनेक दुकानदारांची इंटरनेटवरची पहिली पाटी हीच होती. मात्र मार्च २०२४ मध्ये गूगलने या सर्व वेबसाइट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणारा ग्राहक दुकानाच्या गूगल प्रोफाइलकडे वळवला जात होता, त्यानंतर ती सोयही संपली. व्हिजिटिंग कार्डावर, बिलबुकावर, दुकानाच्या बोर्डावर छापलेला तो पत्ता निरुपयोगी झाला.

यात गूगलने काही बेकायदा केले नाही. पत्ता दुकानदाराचा नव्हताच, तो गूगलने वापरायला दिलेला होता. इन्स्टाग्रामचे पान, व्हॉट्सअॅपवरचा कॅटलॉग, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतील खाते यांनाही हेच लागू पडते. ती जरूर वापरावीत, कारण तेथे ग्राहक आहेत. पण तेथील नियम, शुल्क आणि ग्राहकांची यादी दुसऱ्याच्या हातात असते. स्वतःच्या नावाचा कायमचा पत्ता त्यासाठीच लागतो.

वेबसाइटच्या चाव्या कोणाकडे असाव्यात?

दुकानाच्या जागेचा करार मालक स्वतःच्या नावावर करतो. वेबसाइटच्या बाबतीत मात्र ‘आमचा मुलगा बघतो’ किंवा ‘डेव्हलपरकडे आहे सगळे’ असे उत्तर मिळते. डोमेन, होस्टिंग, वेबसाइटचा मुख्य पासवर्ड, पैसे स्वीकारणारे पेमेंट गेटवे, गूगल प्रोफाइल आणि सर्च कन्सोल या सहा चाव्या आहेत. त्या मालकाच्या ई-मेलवर आणि मालकाच्या मोबाइल क्रमांकावर असायला हव्यात.

तसे नसेल तर धोका ठरलेला असतो. डोमेन म्हणजे वेबसाइटचे नाव. ते विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदवले जाते. नूतनीकरणाची सूचना ज्या ई-मेलवर जाते तो वेबसाइट करणाऱ्याचा असेल आणि त्याने काम सोडले असेल, तर मुदत संपल्याचे दुकानदाराला कळतच नाही. सवलतीचा काळ उलटला की ते नाव कोणीही घेऊ शकतो. चांगले चाललेले जुने नाव विकत घेऊन त्यावर भलताच मजकूर टाकण्याचे प्रकार इतके वाढले, की मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅमविरोधी धोरणात त्यासाठी वेगळे कलम घातले.

उपाय सोपा आहे. डोमेन मालकाच्या नावावर नोंदवावे, शक्य असल्यास एकदम काही वर्षांसाठी नूतनीकरण करावे आणि डेव्हलपरला मुख्य पासवर्ड न देता वेगळे खाते उघडून द्यावे. काम संपले की ते खाते बंद करता येते.

गूगलला दुकान कळते कसे?

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याचा स्वयंचलित वाचक एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या आधारे फिरतो, वाचलेली पाने आपल्या सूचीत नोंदवतो आणि कोणी शोध घेतला की त्या सूचीतून योग्य वाटणारी पाने क्रमाने दाखवतो. पहिल्या दोन टप्प्यांतच पान अडकले असेल, तर क्रमांकाची चर्चा व्यर्थ ठरते.

अडकण्याची कारणे अनेकदा क्षुल्लक असतात. वर्डप्रेसमध्ये ‘शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो. वेबसाइट तयार होत असताना डेव्हलपर त्यावर खूण करतो आणि काम झाल्यावर ती काढायला विसरतो. असे असेल तर दुकान उघडे असूनही गूगलसाठी ते बंदच राहते. तपासणीची पद्धत कोणालाही जमेल अशी आहे. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्यानंतर विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि त्याला लागूनच वेबसाइटचा पत्ता टाइप करावा. नोंदलेली पाने समोर येतात. एकही पान आले नाही, तर गूगलच्याच मोफत सर्च कन्सोलमध्ये त्याचे कारण पाहता येते.

दुसरे कारण मोबाइलचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने मोबाइलला प्राधान्य देणारी नोंदणी पद्धत पूर्ण झाल्याचे जाहीर केले. याचा अर्थ, गूगल आता वेबसाइटचे मोबाइलवरचे रूप वाचते. संगणकावर दिसणारा आणि मोबाइलवर गाळलेला मजकूर जमेस धरला जात नाही.

मराठी दुकानांच्या बाबतीत तिसरे कारण फॉन्टचे असते. डीटीपीवाल्याकडे श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमधील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर जसाच्या तसा चिकटवला, तर गूगलला तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. दरपत्रकाचा फोटो काढून टाकणे हाही तसाच प्रकार. ग्राहक फोटो मोठा करून वाचेल, पण त्यातील प्रत्येक वस्तू शोधात येईल याची खात्री नसते.

ग्राहक नेमके काय टाइप करतो?

औद्योगिक पट्ट्यातील दुकानांसाठी हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे बेअरिंग वाजवी दरात मिळतील’ हे वाक्य असंख्य वेबसाइटवर असते. कारखान्याच्या देखभाल विभागातील माणूस मात्र असे काही शोधत नाही. मशीन बंद पडलेले असते, काढलेल्या बेअरिंगवर ६२०४ हा आकडा असतो आणि तो तोच आकडा टाइप करतो. ज्या पानावर ६२०४, आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४ आणि आजचा दर लिहिलेला आहे, ते पान त्याच्या कामाचे. आकड्यामागची अक्षरेही महत्त्वाची असतात. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना धातूची झाकणे, ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. सीएनसी मशीनच्या ‘सीएनएमजी १२०४०८’ या इन्सर्टमध्ये शेवटचे ‘०८’ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.८ मिलिमीटर. खोक्यावर हे सांकेतिक नाव जसे छापलेले असते तसेच, त्याच इंग्रजी अक्षरांत, ते पानावर हवे.

म्हणून एका वस्तूला एक पान हा नियम धरावा. पानाच्या शीर्षकात नाव, क्रमांक आणि माप द्यावे. खाली ब्रँड, दर, शिल्लक आणि माल किती दिवसांत पोहोचेल ते. उत्पादकाच्या कॅटलॉगमधील परिच्छेद उतरवून काही साधत नाही, कारण तोच परिच्छेद इतर शंभर विक्रेत्यांनीही उतरवलेला असतो. काउंटरवरचा अनुभवी माणूस गिऱ्हाइकाला जे तोंडी सांगतो ते लिहावे. धुळीच्या जागी कोणते सील टिकते, हाच माल दुसऱ्या कंपनीत कोणत्या क्रमांकाने मिळतो, घेण्यापूर्वी कोणते माप घ्यावे. ही माहिती इतरांकडे नसते.

घरगुती मालालाही हेच तत्त्व लागू आहे. ‘भाजणी’ एवढेच लिहिले तर थालीपिठाची, चकलीची की उपवासाची, हे ग्राहकाला कळत नाही आणि गूगललाही. या तीन वस्तू आहेत, त्यांना तीन पाने हवीत. ग्राहक देवनागरीत, रोमन लिपीत आणि मराठी-इंग्रजी मिसळूनही शोधतो. मात्र म्हणून सर्व स्पेलिंगांची माळ पानाखाली लावणे हा उपाय नव्हे, गूगल त्याला स्पॅम मानते. मराठी नाव आणि प्रचलित इंग्रजी नाव मजकुरात सहज येऊ द्यावे, एवढे पुरते.

लोक प्रत्यक्षात काय शोधून आले, याचा अंदाज बांधण्याची गरज नाही. सर्च कन्सोलमध्ये मागील १६ महिन्यांपर्यंतचे शोधशब्द, पान किती वेळा दिसले आणि किती जणांनी त्यावर बोट ठेवले, हे आकडे मिळतात. पान अनेकदा दिसते पण कोणी उघडत नाही, असे असेल तर शीर्षक मोघम आहे असे समजावे. एखादा शब्द वारंवार येतो आणि त्या वस्तूचे पानच नाही, असे दिसले तर पुढचे पान कोणते लिहायचे ते ठरले.

नकाशात चिंचवडचे दुकान चाकणला दिसेल का?

‘जवळचे दुकान’ अशा शोधात नकाशासह येणारी यादी वेगळ्या पद्धतीने ठरते. गूगलच्या सांगण्यानुसार त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : शोधाशी असलेला संबंध, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. या यादीतील क्रमांक पैसे देऊन वाढवता येत नाही. चाकणमधील माणसाने जवळचे दुकान शोधले, तर चिंचवडचे दुकान अंतरात मागे पडणारच. त्यावर चाकणचा खोटा पत्ता टाकणे हा उपाय काहीजण करतात. तो नियमबाह्य आहे आणि त्यामुळे प्रोफाइलच बंद होऊ शकते. दूरचा ग्राहक मिळवण्याचा रास्त मार्ग म्हणजे वर सांगितलेली वस्तूंची पाने, कारण ६२०४ शोधणाऱ्याला अंतरापेक्षा शिल्लक आणि घरपोच मुदत महत्त्वाची वाटते.

जवळच्या ग्राहकासाठी मात्र प्रोफाइल चोख हवे. दुकानाचे नाव बोर्डावर आहे तेवढेच लिहावे, त्याला ‘बेस्ट’, ‘स्वस्त’ अशी शेपटे जोडू नयेत. चिंचवडगाव आणि चिंचवड स्टेशन हे दोन वेगळे भाग, त्यांचे पिनकोडही वेगळे : ४११०३३ आणि ४११०१९. रोमन लिपीत चिंचवड ‘डब्ल्यू’नेही लिहिले जाते आणि ‘व्ही’नेही. वेबसाइट, प्रोफाइल आणि बिल या तिन्ही ठिकाणी एकच रूप, एकच फोन क्रमांक ठेवावा. औद्योगिक भागात गुरुवारची सुटी रुळलेली आहे, बाजारपेठेची सुटी निराळी असते. प्रोफाइलवर ‘उघडे’ पाहून आलेल्या ग्राहकाला कुलूप दिसले, तर त्याचा राग अभिप्रायात उमटतो. घरातून व्यवसाय करणाऱ्यांना घराचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग दाखवता येतात.

अभिप्राय मागण्यात गैर नाही, पण त्याबदल्यात सूट किंवा भेटवस्तू देणे गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक जाहीर केले आहे.

वेगाचा आणि फोटोंचा काय संबंध?

जून २०२१ पासून गूगलने पानाचा अनुभव मोजणारे निकष क्रमवारीत विचारात घेण्यास सुरुवात केली. पानावरील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर वाचताना खालीवर उडू नये, अशी त्यांची आजची रूपे आहेत. केवळ वेगामुळे कोणी पहिल्या क्रमांकावर जात नाही, पण कूर्मगतीच्या पानावरून ग्राहक मागे फिरतो.

छोट्या दुकानात याचे प्रमुख कारण फोटो असते. मोबाइलने काढलेला फोटो काही एमबीचा असतो. तसे वीस फोटो एका पानावर टाकले की कारखान्याच्या शेडमध्ये, कमी रेंजमध्ये ते पान उघडतच नाही. फोटो लहान करून, वेबपी प्रकारात जतन करून टाकले तर बहुतेकदा दीड-दोनशे केबीत काम भागते. प्रत्येक फोटोला त्यातील वस्तूचे नेमके नाव द्यावे. दृष्टिहीन ग्राहकाच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येते, गूगललाही.

देखभाल म्हणजे नेमके काय आणि कधी?

दर आठवड्याला दर आणि शिल्लक तपासावी. संपलेल्या मालाचे पान काढून टाकू नये, ‘सध्या उपलब्ध नाही’ असे लिहून पर्यायी माल दाखवावा. माल कायमचा बंद झाला असेल तर जुना पत्ता त्याच्या जागी आलेल्या मालाच्या पानाकडे कायमस्वरूपी वळवावा. नव्या डिझाइनच्या हौसेने सर्व पानांचे पत्ते बदलले आणि जुने वळवले नाहीत, तर वर्षानुवर्षांची कमाई एका रात्रीत जाते.

दर महिन्याला दुसऱ्या मोबाइलवरून स्वतःच एक छोटी ऑर्डर देऊन पाहावी. ओटीपी येतो का, यूपीआयने पैसे जातात का, पावती पोहोचते का, हे त्याशिवाय कळत नाही. वर्डप्रेस आणि त्यातील प्लगइन अद्ययावत करावेत, पण त्याआधी बॅकअप घ्यावा आणि तो त्याच होस्टिंगवर न ठेवता दुसरीकडे ठेवावा. जुने प्लगइन हे हॅकरांचे आवडते दार आहे.

सुरक्षा प्रमाणपत्राकडेही लक्ष हवे. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या वेबसाइटला ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारतो. प्रमाणपत्रांची कमाल मुदत आतापर्यंत साधारण तेरा महिने होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस होणार आहे. वर्षातून एकदा हाताने नूतनीकरण करण्याची पद्धत त्यामुळे कालबाह्य ठरेल. होस्टिंग देणाऱ्याकडे ते आपोआप होते का, हे आजच विचारून ठेवावे.

‘पहिल्या पानावर आणतो’ या हमीत तथ्य किती?

अशा हमीचे फोन आणि संदेश प्रत्येक दुकानदाराला येतात. गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे, की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. चांगले काम केले तरी परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष लागते, असेही गूगल सांगते. महिनाभरात निकाल देणारा बहुधा दुकानाच्या नावानेच शोध घेऊन दाखवतो. स्वतःच्या नावाला पहिले येण्यात काही विशेष नाही.

कोटेशनमधील कलमे वाचली तरी बरेच कळते. ‘मेटा कीवर्ड’ भरण्याचे पैसे आजही लावले जातात, पण क्रमवारीसाठी ते वापरत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच सांगितले होते. ‘पाचशे बॅकलिंक’ म्हणजे विकत घेतलेले दुवे. अशा दुव्यांवर गूगलने एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या बदलाद्वारे बडगा उगारला. जाहिरात आणि नैसर्गिक शोध यांतील फरकही समजून घ्यावा. गूगलला जाहिरातीचे पैसे दिल्याने नैसर्गिक क्रमांक वाढत नाही आणि पैसे थांबले की जाहिरात थांबते. सणासुदीला फराळाची जाहिरात करणे शहाणपणाचे असू शकते, पण तो वेबसाइटच्या देखभालीला पर्याय नाही.

कायद्याने काय बंधनकारक आहे?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० हे व्यवसाय म्हणून स्वतःच्या वेबसाइटवरून विक्री करणाऱ्यांनाही लागू आहेत. व्यवसायाचे अधिकृत नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व तपशील वेबसाइटवर असावे लागतात. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात. किरकोळ विक्रीच्या पॅकबंद वस्तूंसाठी कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता ही माहिती १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइनही दाखवणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो, मग तो माल घरच्या स्वयंपाकघरातला का असेना. ही सर्व माहिती ग्राहकाचा विश्वास वाढवणारीही आहे. अनोळखी वेबसाइटवर पैसे भरण्यापूर्वी माणूस आधी पत्ता आणि फोनच शोधतो.

एआयमुळे हे सारे निरुपयोगी ठरेल का?

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या शोधात इंग्रजी आणि हिंदीत एआयने तयार केलेले उत्तर वरच दिसू लागले. ‘बेअरिंग म्हणजे काय’ अशा सर्वसाधारण प्रश्नांसाठी वेबसाइटवर येणारे लोक त्यामुळे कमी होऊ शकतात. पण आज चिंचवडमध्ये ६२०४ कोणाकडे शिल्लक आहे, दर काय आणि उद्या सकाळच्या पाळीपर्यंत तो चाकणला पोहोचेल का, याचे उत्तर एआयलाही कोणाच्या तरी पानावरूनच घ्यावे लागेल. ते पान ताजे, खरे आणि दुकानदाराच्या स्वतःच्या पत्त्यावर असावे. सुरुवात करायची असेल तर आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, मग गूगलच्या सूचीत किती पाने आहेत ते तपासावे आणि त्यानंतर सर्वाधिक खपणाऱ्या दहा वस्तूंची पाने नीट लिहावीत. त्यासाठी कोणत्याही एजन्सीची गरज नाही. आठवड्याचे दोन तास पुरेसे आहेत, पण ते दर आठवड्याला द्यावे लागतात.